गाईडच्या पथकाची चिठ्ठी आणि ४,५०० रुपये

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

आम्ही कराडजवळ राहतो. यजमान एमआयडीसीत कंत्राटी कामावर आहेत, मी घरी फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते. मुलगी सातवीत, मुलगा चौथीत. मुलीच्या शाळेत यंदा गाईडचं, म्हणजे मुलींच्या स्काऊटिंगचं, पथक सुरू झालंय. पहिले दोन शनिवार ती गेली, घरी आल्यावर दोरीच्या गाठी मला बांधून दाखवत होती. मग एकदम म्हणाली, मला नाही आवडलं, मी नाव काढते. परवा धुवायला म्हणून दप्तर रिकामं केलं तर आतल्या कप्प्यात शाळेची चिठ्ठी सापडली. गणवेशाचा संच २,१०० रुपये, नोंदणी आणि बिल्ले २००, तीन दिवसांच्या जिल्हा मेळाव्याचे १,५००, टी-शर्ट आणि सॅक ७००. एकूण ४,५००. चिठ्ठी तिनं आम्हाला दाखवलीच नव्हती. यजमान म्हणतात, यातून मिळणार काय, त्यापेक्षा गणिताची शिकवणी लावू. उद्या धाकटाही कबमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या स्काऊट पथकात, जायचं म्हणेल. शाळेत जाऊन पैसे कमी करा म्हणायची मला लाज वाटते. काय करू?

एक आई

उत्तर

ताई,

तुमच्या मुलीला गाईड आवडलेलं आहे. जी मुलगी दोन शनिवार घरी येऊन आईला गाठी बांधून दाखवते, तिला तिसऱ्या शनिवारी ते आवडेनासं होत नाही. तिनं चिठ्ठी वाचली, एका ब्लाउजला तुम्हाला काय सुटतं हे तिला माहीत आहे, आणि तुमच्या वतीनं तिनं परस्पर नकार देऊन टाकला. तिच्या समजूतदारपणाचं कौतुक वाटेलच. पण बारा वर्षांच्या मुलीवर असा निर्णय एकटीनं घ्यायची पाळी येऊ नये. म्हणून पैशांचं पाहण्याआधी तिच्याशी बोला.

चिठ्ठी सापडली, असं सरळ सांगा. रागावू नका. जवळ घेऊन ‘माझी शहाणी गं’ म्हणत डोळ्यांना पदरही लावू नका, कारण तसं केलंत तर आईला त्रास झाला एवढंच ती लक्षात ठेवेल आणि पुढची चिठ्ठी आणखी नीट लपवेल. तिला आकडे दाखवा. ‘यातले एवढे आपण देऊ शकतो, एवढे आत्ता जमणार नाहीत, उरलेल्याचं मी बाईंशी बोलणार आहे. तुला जायचंय की नाही, एवढंच तू सांग.’ घरात ओढाताण आहे हे मुलांपासून लपत नाही. नक्की किती आहे हे कुणी सांगत नाही, म्हणून ती अंदाज बांधतात, आणि मुलांचा अंदाज बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा भीतिदायक असतो. आकडा कळला की तिच्या डोक्यावरचं ओझं हलकं होईल.

आता शाळेत जाऊन विचारायची लाज. मी शाळेत शिकवत असताना गाईडचं पथक सांभाळलेलं आहे, म्हणून या बाजूनंही सांगते: ज्या आया येऊन विचारायच्या त्यांच्याविषयी माझ्या मनात कधी कमीपणा आला नाही. न विचारता मुलीचं नाव काढून घेणाऱ्यांचं मात्र वाईट वाटायचं, कारण त्यातल्या कितीतरी जणींसाठी काही ना काही करता आलं असतं.

आणि ही सवलत काही कुणाची मेहेरबानी नव्हे. स्काऊटिंगचं पहिलं शिबिर या चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर भरवलं. सुमारे वीस मुलं होती. काही श्रीमंतांच्या महागड्या शाळांतली, काही गावातल्या कष्टकरी घरांतली. सगळ्यांना फी सारखी नव्हती. महागड्या शाळांतल्या मुलांकडून एक पौंड, म्हणजे वीस शिलिंग घेतले, आणि गावातल्या मुलांकडून साडेतीन शिलिंग. जेमतेम सहावा हिस्सा. तंबूत मात्र सगळे एकत्र, मिसळून राहिले. म्हणजे ऐपतीप्रमाणे पैसे घ्यायचे आणि वागवायचं सगळ्यांना सारखं, ही रीत या चळवळीत पहिल्या दिवसापासून आहे. आपल्याकडची भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था १९५० साली स्थापन झाली, तीही स्वतःला ऐच्छिक आणि सर्वांना खुली म्हणवते. तिच्या नऊ नियमांतला एक नियम तर काटकसरीचा आहे. मुलींकडून हा नियम पाठ करून घेणाऱ्या पथकात पालकानं खर्चाची चौकशी केली, तर त्यात संकोचायचं काय?

चला, आता चिठ्ठीतली एकेक ओळ बघू.

नोंदणी आणि बिल्ल्यांचे २०० रुपये द्या. तेवढे लागतातच, आणि नोंदणीत नाव असेल तरच पुढच्या चाचण्यांना बसता येतं.

गणवेशाचे २,१०० आत्ता देऊ नका. का, ते सांगते. नवी आलेली मुलगी लगेच गाईड होत नाही. आधी किमान तीन महिने ती ‘प्रवेश’चा अभ्यासक्रम करते. त्यात वचन आणि नियम येतात, प्रार्थना आणि झेंडागीत येतं, खुणा, गाठी, थोडं प्रथमोपचार येतं. त्यानंतर दीक्षाविधी होतो, ती वचन घेते, आणि सभासदत्वाचा बिल्ला, स्कार्फ हे सगळं तेव्हा मानानं मिळतं. तोवर ती शाळेच्या रोजच्या गणवेशात आली तर काहीही बिघडत नाही. तेव्हा तुमच्या हातात तीन महिने आहेत. या तीन महिन्यांत तिला हे खरंच रुचतंय का, हेही तुम्हाला कळेल.

तीन महिन्यांनी गणवेश लागेल, तर संच म्हणून विकत घेऊ नका, सुटा घ्या. बिल्ले त्या २०० रुपयांत आलेच, पट्टा संस्थेच्या भांडारातूनच घ्यावा लागेल. काळे बूट शाळेचेच चालतील. उरलं कापड आणि शिलाई, आणि ताई, तुम्ही तर शिवणकाम करता! बाईंकडून कापडाचा नेमका रंग आणि नमुना घ्या आणि घरीच शिवा. अंगात भरपूर माया ठेवा, खाली चांगली चार बोटं दुमड ठेवा, या वयात मुली वर्षभरात झपाट्यानं उंच होतात. स्कार्फही घरी शिवता येतो. तो नुसता शोभेचा कपडा नाही. हात मोडला तर गळ्यात झोळी म्हणून बांधायचा, डोक्याला लागलं तर पट्टी म्हणून, आणि त्यासाठी त्याचं माप महत्त्वाचं. बाईंकडून माप विचारून घ्या, अंदाजानं कापू नका. स्कार्फ अडकवायचा वॉगल तर मुली दोरी विणून स्वतः करतात आणि तो विकतच्यापेक्षा देखणा होतो.

याहून सोपी वाटही आहे. शाळेत पथक नवं असलं तरी जवळपासच्या एखाद्या शाळेत जुनं पथक असेल. दहावी होऊन गेलेल्या मुलींचे गणवेश घरोघरी कपाटात पडून असतात. बाईंनी एक शब्द टाकला तर पाच-सहा सहज गोळा होतील. ते उसवून मुलींच्या मापाचे करायचं काम निघेल, आणि ते तुम्हाला येतं. करा, जरूर करा. फक्त एक सांभाळा: तुमच्या मुलीची फी सोडली म्हणून सगळ्या वर्गाचे कपडे फुकट शिवून द्यायची वेळ येऊ देऊ नका. शिलाईचा दर आधी बोलून घ्या. तुमचं कसब हा तुमचा धंदा आहे.

टी-शर्ट आणि सॅकचे ७०० रुपये सरळ नाकारा. हा गणवेशाचा भाग नाही. रोजचं दप्तर रिकामं करून त्यात दोन कपडे, ताट-वाटी, टॉवेल सहज मावतो. सगळ्या मुलींचे टी-शर्ट सारखे असले की फोटो छान येतो, एवढाच त्याचा उपयोग. त्यापायी एखाद्या मुलीला पथक सोडावं लागत असेल तर असा टी-शर्ट शाळेनं काढूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि हे तुम्ही माझं नाव घेऊन शाळेत सांगितलंत तरी चालेल.

राहिले मेळाव्याचे १,५००. इथं जरा थांबून विचार करा. ती अजून प्रवेशाच्या पायरीवर आहे, त्यामुळे यंदाच्याच मेळाव्याला गेलं पाहिजे असं काही नाही. पुढच्या वर्षीही मेळावा होईल. पण सगळ्या मैत्रिणी जाणार आणि ती एकटी मागे राहणार असेल, तर तिच्या मनाला ते लागेल, हेही खरं. अशा वेळी हिशोब मागा: प्रवासाचे किती, जेवणाचे किती, मेळाव्याच्या नोंदणीचे किती, आणि ‘इतर’ म्हणजे काय. शालेय सहलींसाठी एसटी निम्म्या भाड्यात गाडी देते, ती सवलत या प्रवासाला लागू होईल का हे शाळेनं आगारात विचारलंय का, तेही विचारा. खासगी बस ठरवली असेल तर फरक बराच पडू शकतो. आणि हप्ते मागा. मेळाव्याला अजून तीन-चार महिने असतील तर तीन हप्ते सहज होतात.

बाईंना तोंडी सांगणं जड जात असेल तर चार ओळी लिहून द्या. अशा लिहा:

‘मा. गाईड कॅप्टन बाई, माझ्या मुलीला पथकात राहायची मनापासून इच्छा आहे. नोंदणीचे २०० रुपये सोबत दिले आहेत, पावती द्यावी. गणवेश मी घरी शिवून दीक्षाविधीपर्यंत तयार करीन, कृपया कापडाचा नमुना आणि स्कार्फचं माप कळवावं. टी-शर्ट आणि सॅक घेणं आम्हाला शक्य नाही. मेळाव्याची रक्कम हप्त्यानं घ्यावी किंवा पथकाच्या निधीतून काही मदत होत असल्यास कळवावं. ही बाब वर्गात बोलू नये, ही विनंती.’

शेवटचं वाक्य गाळू नका. पैसे न भरलेल्यांची नावं वर्गात मोठ्यानं वाचायची सवय काही शाळांत अजून आहे, आणि तुमच्या मुलीनं चिठ्ठी लपवली त्यामागे ही भीतीही असू शकेल.

पथकाच्या निधीचं म्हणाल तर तो मुलींच्या कष्टातून उभा राहू शकतो. ‘खरी कमाई’ हा उपक्रम स्काऊट-गाईडमध्ये जुना आहे. मुलं भेळेचा, सरबताचा स्टॉल लावतात, पणत्या रंगवतात, आकाशकंदील करून विकतात, शेजाऱ्यांची छोटी कामं करून दोन पैसे मिळवतात. उपक्रम फार चांगला आहे, पण पुष्कळ शाळांत त्याचं असं झालंय की वडे आईनं तळायचे, सामान बाबांनी आणायचं आणि स्टॉलवर खरेदीही पालकांनीच करायची. म्हणजे कमाई मुलांची राहत नाही आणि आई-वडिलांच्या खिशाला दुप्पट चाट बसते. तुमच्या शाळेत खरी कमाई होईल तेव्हा दोन गोष्टी सुचवा. खर्च वजा जाता उरलेली रक्कम फळ्यावर लिहावी, आणि ती पथकाच्या निधीत जाऊन ज्यांना मेळाव्याचे पैसे पुरे पडत नाहीत त्यांच्यासाठी, नाव न घेता, वापरावी. मग तुमची मुलगी त्या निधीतून मेळाव्याला गेली तर ती स्वतःच्याही कमाईवर गेलेली असेल.

बाईंच्या हातात फी ठरवणं नसेल आणि त्या ‘वरून ठरलंय’ म्हणाल्या, तर मुख्याध्यापकांकडे जा. अनुदानित किंवा जिल्हा परिषदेची शाळा असेल तर शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यातल्या एखाद्या पालकाला गाठा. विनाअनुदानित खासगी शाळा असेल तर २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानं फीचा विषय पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे आणावा लागतो. भांडायला जायचं नाही, पण ‘हा विषय समितीपुढे ठेवाल का’ एवढं विचारलं तरी पुष्कळदा टी-शर्टसारख्या गोष्टी आपोआप गळतात. तुमच्यासारख्या आणखी दोन-तीन आया नक्की असतील. त्यांच्याशी बोला.

यजमानांचा प्रश्न रास्त आहे: यातून मिळणार काय? तो पैसा घाम गाळून येतो, त्यांनी विचारायलाच हवं. दहावीला राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार मिळवलेल्या मुलांना सवलतीचे गुण मिळतात, हे सांगितलंत तर कदाचित ते लगेच तयार होतील. पण त्या गुणांपर्यंत जायला प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान अशा पायऱ्या आहेत, बरीच वर्षं आहेत, आणि गुणांसाठी म्हणून आलेली मुलं मधेच कंटाळतात. मी त्यांना दुसरं सांगीन.

शिबिरात बिनभांड्यांचा स्वयंपाक असतो. आठ मुलींचा एक संघ, गुलाब नाहीतर कमळ असं फुलाचं नाव त्याला. तवा नाही, पातेलं नाही. केळीच्या नाहीतर पळसाच्या पानावर कणीक भिजवायची, तिची लांब वळी करून ओल्या काटकीला गुंडाळायची आणि निखाऱ्यावर धरायची. पहिली हमखास बाहेरून काळी आणि आतून कच्ची होते. कुणी रडकुंडीला येतं, कुणी म्हणतं जाळावर नको धरू, निखाऱ्यावर धर. वांगी राखेत पुरलेली असतात, ती कधी काढायची यावर वाद होतो. संघनायिका तेरा वर्षांची असते आणि तिला सातजणींचं पोट भरायचं असतं. जेवण कसंबसं होतं, मग काठ्या क्लोव्ह हिच नावाच्या गाठीनं बांधून केलेल्या मांडणीवर ताटं घासून लावायची. घरी ज्या मुलीला ‘तुला काय जमणार’ असं ऐकायला मिळतं, ती तिथं आपल्यापेक्षा लहान मुलीला गाठ शिकवते. मी शिकवलेल्या वर्गांत अबोल मुली पुष्कळ होत्या, आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदा शिबिरातच ऐकला. गणिताची शिकवणी वाईट नाही, तिला गणित खरंच अवघड जात असेल तर लावा. पण शिकवणीचे पैसे दर महिन्याला द्यावे लागतात आणि गाईडचा मुख्य खर्च एकदाच होतो, हाही हिशोब यजमानांपुढे मांडा.

एवढं असूनही, प्रत्येक पथक चांगलंच असतं असं मी म्हणणार नाही. साप्ताहिक सभा नियमित होत नसेल आणि मुलींना फक्त पाहुण्यांच्या स्वागताला रांगेत उभं करत असतील, दर महिन्याला नवी रक्कम निघत असेल, पावती मिळत नसेल, तर पैसे असूनही पाठवू नका. या चळवळीचा गाभा ती शनिवारची सभा आहे, आणि तिला दोरी, मैदान आणि मन लावून शिकवणारी बाई यापलीकडे फारसं काही लागत नाही. मुक्कामाच्या शिबिराआधी मात्र एक नक्की विचारा: रात्री मुलींसोबत कोण बाई राहणार आहेत, किती जणी, आणि त्यांचा फोन नंबर. पुरुष शिक्षकांच्या भरवशावर मुलींचा मुक्काम ठरला असेल तर नाही म्हणा, मग मेळावा कितीही मोठा असो.

हे पथक नाहीच जमलं तर आठवीत एनसीसी आहे. शाळेत सरकारी युनिट असेल तर गणवेशाचा आणि शिबिराचा भार पालकांवर पडत नाही. निवड मात्र होते आणि जागा मोजक्या असतात. १९४१ पासून चालत आलेल्या राष्ट्र सेवा दलाची शाखा तुमच्या भागात भरत असेल तर तीही बघा, तिथला खर्च अगदी थोडा असतो.

धाकट्याची काळजी आत्ता करू नका. तो चौथीत आहे, म्हणजे कबचं वय संपत आलंय. कबची टोपी, बिल्ले वेगळे, आणि वर्षभरात ते बाद होतील. त्याला सांगा, दहा पूर्ण झाली की थेट स्काऊटमध्ये. ताईला घेतलं म्हणून मलाही, असं तो म्हणेलच. दोघांवर एकाच वर्षी सारखा खर्च करता येत नाही, ज्याची वेळ येईल त्याच्यावर करतो, हे त्याला समजावण्याइतका तो मोठा झालाय. तोवर ताई शनिवारी जे शिकून येईल ते तिनं त्याला शिकवावं. प्रवेशाच्या गाठी तिच्याही पक्क्या होतील.

तिनं नाव काढून घेतलं असेल तर त्याची चिंता नको, बाई ते परत लिहून घेतील. आज रात्री मुलीशी बोला. ती हो म्हणाली तर सोमवारी चिठ्ठी आणि २०० रुपये घेऊन शाळा भरायच्या आधी बाईंना भेटा, त्या वेळी त्यांच्याभोवती गर्दी नसते.